शिकागो मावेल एवढं अंतर

गौतमीचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, आमच्या बिशानच्या बाजारात पपई दाबून बघत होतो. संध्याकाळी सुगतकडे जायचं ठरलं होतं, आणि त्याच्याकडे रिकाम्या हातानं गेलं की तो दारातूनच 'पुणेकर आले, हात हलवत आले' अशी वर्दी आत द्यायचा, म्हणून ही तजवीज. गौतमी त्याची मुलगी. सिंगापुरात जन्मली, सिंगापुरात वाढली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. ती म्हणाली, "अंकल, पपा इज स्लीपिंग, बट ही इज नॉट वेकिंग अप." आणि मग अगदी लहान आवाजात, "कॅन यू कम?" टॅक्सीनं क्वीन्सटाउनला त्यांच्या दारात पोचलो तेव्हा पपई माझ्या हातातच होती. सुगतच्या बायकोनं, प्रज्ञावहिनींनी, ती माझ्याकडून घेतली आणि नीट फ्रिजमध्ये नेऊन ठेवली. घरात डॉक्टर होते, शेजारची चिनी आजी भिंतीला टेकून उभी होती, आणि सुगत आतल्या खोलीत होता. जेवून जरा पडतो म्हणाला होता. झोपेतच त्याचं हृदय थांबलं.

इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जिथे इथल्या लोकांची लग्नंही लागतात आणि अखेरचे निरोपही होतात, तिथे त्याला ठेवलं होतं. भन्तेजींनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं, आम्ही सगळ्यांनी मागून म्हटलं. तांजोंग पगारच्या ऑफिसातले त्याचे सहकारी आले होते, त्यात त्याच्या हाताखाली तयार झालेले कितीतरी तरुण इंजिनीअर होते. त्यांतला एक जण मला म्हणाला, तुम्हीच का ते न्यूयॉर्कवाले? मी हो म्हणालो आणि मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. बावीस मजल्यांच्या इमारतीखाली माझा मित्र निजला होता आणि माझी ओळख काय, तर न्यूयॉर्कवाला.

ही ओळख त्यानंच दिलेली. सुगत मेश्राम हा मूळचा नागपूरचा. उंच इमारती वाऱ्यावादळात उभ्या कशा राहतात याचं गणित मांडणारा स्ट्रक्चरल इंजिनीअर. शिकागोला शिकला, तिथेच काही वर्षं नोकरी केली आणि मग इथे आला. मी पुण्याचा, कम्प्युटरवाला, सिंगापूरच्या आधी न्यूयॉर्कमध्ये होतो. आमची गाठ पडली ती तांजोंग पगारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, दुपारच्या रांगेत. माझ्या पुढचा उंच माणूस फोनवर सांगत होता, "आई, जेवूनच राहिलो ना, रांगेत उभा हाव." परदेशात आपली भाषा कानावर आली की माणूस उगीच हसतो तसा मी हसलो. त्यानं वळून पाहिलं आणि पहिला प्रश्न केला तो, पुण्याचे का? मी विचारलं, कसं ओळखलंत? तर म्हणाला, हसलात पण बोलला नाहीत. त्या दिवशी आम्ही एकाच टेबलावर जेवलो आणि पुढे आठवड्यातून एकदा तरी जेवत राहिलो. त्याच पहिल्या जेवणात मी न्यूयॉर्क म्हणालो, तो शिकागो म्हणाला, आणि वादाला तोंड फुटलं.

वाद एकच होता. लांबून पाहिलं तर कुठलं शहर जास्त देखणं. सुगतचं म्हणणं, शिकागोच्या इमारती तळ्याकाठी पंगतीला बसल्यासारख्या बसतात, ताटाताटात अंतर ठेवून. प्रत्येकीचा चेहरा दिसतो, खांदे दिसतात. काळी, वर जाताना पायरीपायरीनं बारीक होत गेलेली एक, आणि अंगावर बाहेरूनच लोखंडाच्या मोठाल्या फुल्या मिरवणारी दुसरी, या त्याच्या लाडक्या. ती दुसरी आपली हाडं लपवत नाही, असं तो अभिमानानं सांगायचा, जणू ती त्याची चुलत बहीणच. न्यूयॉर्कच्या इमारती मात्र त्याच्या मते लग्नातल्या फोटोत मागच्या रांगेत टाचा उंचावणाऱ्या पाव्हण्यांसारख्या. मी म्हणायचो, तुझ्या शिकागोचे मधले दात पडलेत. न्यूयॉर्कमध्ये गर्दी आहे म्हणून जीव आहे, संध्याकाळी दिवे लागले की ते सगळं शहर एका अंगानं पेटतं. यावर तो शांतपणे भात कालवत म्हणायचा, "दोन इमारतींच्या मधलं आकाश हेसुद्धा बांधकामच आहे बे. तेच मोकळं सोडणं कठीण असते." हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की त्याकडे माझं लक्ष राहिलं नव्हतं.

माझी एक दुखरी नस त्यानं लवकरच शोधून काढली होती. मी न्यूयॉर्कला नोकरी केली खरी, पण राहायला होतो नदीपलीकडे, जर्सी सिटीत. म्हणजे तू न्यूयॉर्कला राहिलाच नाहीस, समोर राहिलास, असं तो चारचौघांत सांगायचा आणि वर 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण ऐकवायचा. मी म्हणायचो, अरे, शहरात राहणाऱ्याला त्याची स्कायलाइन कशी दिसणार? त्याला समोरच्या इमारतीची भिंत दिसते. ओळ बघायची तर पलीकडच्या काठावरच जावं लागतं. हा माझा एकमेव हुकमी मुद्दा. यावर तो कॉफी आणायला उठायचा.

आम्ही एकमेकांच्या घरी जायला लागलो आणि वादाला डबे मिळाले. वहिनींच्या स्वयंपाकघरात नागपूरहून सामानातून आणलेल्या स्टीलच्या डब्यांची फौज होती. एका रविवारी हॉलच्या खिडकीच्या रुंद कट्ट्यावर सुगतनं ते सगळे मांडले आणि म्हणाला, या, शिकागो बघा. जेवढा डबा उंच तेवढी इमारत उंच, आणि मधली अंतरं त्यानं बोटं टेकवून टेकवून ठरवली होती. आपल्याकडे भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरतात. त्यामुळे अमेरिकेतल्या त्या सुप्रसिद्ध काळ्या इमारतीवर 'सौ. शेवंताबाई गजभिये यांजकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं होतं. फुल्यांवाली इमारत होती 'मोठे मामा, कामठी'. पुढे प्रथाच पडली. मी त्यांच्याकडे गेलो की आधी शेवंताबाईंना नमस्कार करायचो, आणि ते आमच्याकडे बिशानला आले की सुगत अनघाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, डबे एकमेकांना चिकटवून ओट्यावर न्यूयॉर्क उभं करायचा आणि म्हणायचा, हे घ्या, हवा येत नाही, पण तुम्हाला चालते. वहिनींची तक्रार एवढीच असायची की तुरीची डाळ कुठल्या इमारतीत आहे ते आधी सांगा.

एकदा गौतमीनं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, तेव्हा ती शाळेत असेल, "पपा, सिंगापूर हाऊ? सिंगापूर नॉट नाइस मेह?" सुगत खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर नेहमीच्याच इमारती, बांबूवर वाळत घातलेले कपडे, लांबवर क्रेनांची टोकं. तो तिला म्हणाला, घरच्या लेकीची कुणाशी तुलना करतात का? ती म्हणाली, "लेम, लाह," म्हणजे फुसकं, पण तिला ते आवडलं होतं, हे दिसत होतं.

मग तो रविवार आला. सुगत नेहमीप्रमाणे कट्ट्याशी उभा राहून डबे मांडत होता. मध्येच थांबला आणि म्हणाला, शेवंताबाई कुठं गेल्या? गौतमीनं डबा लपवला असणार म्हणून तिला हाका मारल्या. डबा तिथेच होता, त्याच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर, त्यानं स्वतःच ठेवलेला. गौतमीनं बोट दाखवलं. त्यानं मान वळवली, डब्याकडे पाहिलं, आणि हसला... पण इमारतीच्या पायात एका बोटाची चूक न करणाऱ्या माणसाला एवढा मोठा डबा दिसला नाही हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. मग इतर गोष्टी आठवल्या. हॉकर सेंटरमध्ये ट्रे टेबलाच्या कडेवर ठेवणं, पायऱ्यांवर अडखळणं, बाजूनं हात पुढे केला तर न दिसणं. काचबिंदू निघाला. बराच पुढे गेलेला. दृष्टी कडेनं कमी होत आत येत चालली होती. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी घाबरून काहीबाही धीराचं बोलायला गेलो तर त्यानंच मला थांबवलं. म्हणाला, "मी का आंधळा होऊन राहिलो का बे? अरुंद होऊन राहिलो."

त्यानंतर डबे स्वयंपाकघरात परत गेले आणि बरेच महिने तिथेच राहिले. तो नोकरी करत होता, मोठ्या पडद्यावर नकाशे तुकड्यातुकड्यानं बघत होता, आमची जेवणंही चालू होती. फक्त शिकागोचा विषय तो काढत नव्हता आणि मीही काढत नव्हतो. एक दिवस जेवताना त्यानं चमचा खाली ठेवला आणि म्हणाला की त्याला शिकागो एकदा पाहायचं आहे. आता एका वेळी एकच इमारत दिसते, ती तर फोटोतही दिसते. त्याला सगळी ओळ बघायची होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम, आणि उशीर केला तर ते जमणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, तुम्हीच जा सोबत. माझ्यासमोर पायरी चुकली तरी तो कबूल करत नाही, मुद्दाम वाकलो म्हणतो." ठरलं तर मग असं की आधी शिकागो आणि परतताना न्यूयॉर्क, म्हणजे वादाचा निकालही लागेल. विमानात तो मला सांगत होता की शिकागो बघून मी तोंडात बोट घालीन. मी म्हणालो, घोडामैदान जवळच आहे.

शिकागोला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्याकाठी गेलो. तळं कसलं, समुद्रच तो, पलीकडचा काठ दिसत नाही. जमिनीची एक जीभ पाण्यात गेली आहे, तिच्या टोकाशी उभं राहिलं की शहर समोर पसरतं. सुगतला मी तिथे नेऊन उभा केला. हवा स्वच्छ होती, इमारतींच्या काचांवर ऊन होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याच तोंडून काही शब्द निघणार होते, पण मी त्याच्याकडे बघितलं. तो मान डावीकडून उजवीकडे हळूहळू नेत होता, परत उजवीकडून डावीकडे. शेवंताबाई दिसल्या की मामा जायचे, मामा दिसले की शेवंताबाई. त्यानं असं कितीतरी वेळा केलं. मग थांबला आणि म्हणाला, "नाही येत रे." एवढंच. इतक्या लांब येऊन, इतकी वर्षं ज्या ओळीवरून माझ्याशी भांडला, ती त्याच्यासमोर होती आणि त्याला ती मिळत नव्हती. मी मूर्खासारखा म्हणालो, थोडं मागे सरकून बघ. मागे पाणी होतं.

पण सुगत एकदम माझ्याकडे वळला. आता तो मित्र नव्हता, इंजिनीअर होता. त्यानं पोकळ मूठ वळून दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली, माझ्याकडे पाहिलं, दोन पावलं मागे गेला, परत पाहिलं. "बरोबर बोलला तू. आयुष्यात पहिल्यांदा," तो म्हणाला. "किल्लीच्या भोकातून हत्ती पाहायचा असंल तं त्याला लांब उभं करा लागते. हत्ती हलत नाही, मग आपण लांब जाऊ." आणि आम्ही बोटीत बसलो. पर्यटकांना तळ्यात लांबवर नेऊन आणणाऱ्या बोटी असतात, त्यातली एक. सगळे लोक पुढे जाऊन बसले, आम्ही दोघं मागच्या बाकावर, शहराकडे तोंड करून. वारा गार होता. मी त्याचं कोपर धरलं होतं. बोट सुटली आणि शहर हळूहळू लहान व्हायला लागलं. तो डोळे न मिटता बघत होता. मी मध्येच विचारलं तर हातानंच गप्प केलं. किनाऱ्यावरची माणसं दिसेनाशी झाली, झाडं गेली, खिडक्या गेल्या, मग नुसत्या आकृती उरल्या, उंच, बुटक्या, मध्ये मध्ये आकाश सोडलेल्या... "थोडं आणखी," तो पुटपुटत होता, जणू बोट तोच चालवत होता. "आणखी थोडं... थांब... आली बे. पूर्ण आली."

तो रडत होता. मीही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं आणि विचारलं की आता बोल, कसं आहे? मी म्हणालो, सुंदर आहे. तो म्हणाला, वाऱ्यात ऐकू आलं नाही, मोठ्यानं बोल. मी मोठ्यानं बोललो. पुढे बसलेल्या दोन बायांनी वळून पाहिलं. बोट परत फिरली तसं शहर मोठं होत गेलं आणि त्याच्या डोळ्यांच्या कडांमधून एकेक इमारत निसटत गेली. शेवटी काठाला लागताना एकच उरली असेल. पण तो खूश होता. संपूर्ण संध्याकाळ तो मला शिकागोचा जावई असल्यासारखा फिरवत होता.

न्यूयॉर्कला मी त्याला माझ्या जुन्या काठावर नेलं, जर्सी सिटीत, नदीसमोर. संध्याकाळची वेळ, दिवे लागत होते. मला वाटलं होतं, आता टोमणे सुरू होतील. त्यानं मान एकदाच हळूहळू फिरवली. मग म्हणाला, तुझं गाव माझ्या डोळ्यांना परवडतं. एवढ्याशा भोकातूनही वीस इमारती दिसतात. दाटीवाटीचा हा फायदा आहे, माझ्यासारख्याच्या सोयीचं शहर... आणि पुढे, माझ्याकडे न बघता, "जिंकला तू. सांग आपल्या मराठी मंडळात सगळ्यांना." किती वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. ते असं ऐकायला मिळावं याचा मला राग आला, कुणाचा ते माहीत नाही. मी त्याला म्हणालो, मला असला निकाल नको. तुझे डोळे माझ्या बाजूनं साक्ष देणार असतील तर ती साक्ष मी घेत नाही. तो हसला आणि म्हणाला की पुणेकराला जिंकणंही धड जमत नाही.

परत आल्यावर थोड्याच दिवसांत खिडकीच्या कट्ट्यावर डबे पुन्हा आले. या वेळी कायमचे. वहिनींनी डाळी-पोह्यांसाठी प्लास्टिकचे नवे डबे आणले. मी जवळ जाऊन पाहिलं तर शिकागोच होतं, पूर्वीपेक्षाही ऐसपैस, कट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नावांवरून बोटं फिरवून त्यानं ते लावले होते. त्याच्या नजरेत आता दोनसुद्धा डबे एकदम मावत नसतील, असं मला वाटलं, पण मी काही बोललो नाही. मांडतोय तर मांडू दे.

याच सुमारास त्याची खुर्ची हलली. वेताची एक जुनी खुर्ची, ती वर्षानुवर्षं खिडकीला लागून असायची. ती त्यानं हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेली, बाहेरच्या दाराला लागून, चपलांच्या कपाटाशेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती आडवी यायची. आम्ही सगळे खिडकीपाशी सोफ्यावर, सतरंजीवर जमून बसायचो आणि हा तिकडे एकटा, दाराशी, मांडीवर ताट घेऊन. बोलायचा, हसायचा, पण तिथूनच. अनघा घरी आल्यावर म्हणाली, सुगत हल्ली लांब लांब असतो. मलाही तसंच वाटत होतं. डोळे चाललेत, माणूस आतून मिटत चालला असेल, आपण ओढून आणू नये. वहिनींना मात्र ते सहन होत नव्हतं. एकदा जेवणं चालू असताना त्या आमच्या सगळ्यांसमोर बोलल्या. "आपल्या आजोबांना लोक दारात चपलांपाशी बसवायचे. तू स्वतःच्या घरात आपण होऊन तिथे बसतोस. मला नाही बघवत, सुगत." मी मान खाली घालून जेवत राहिलो, त्यावर मी काय बोलणार होतो? सुगतचा आवाज मात्र मऊ होता. त्यांना बसवणारे वेगळे होते, इथं मी मालक आहे, कुठं बसायचं ते मी ठरवतो, असं काहीसं तो म्हणाला आणि आमटी मागितली. पण खुर्ची हलली नाही.

आमची शेवटची भेट झाली तीही अशीच, तो जाण्याच्या आदल्या रविवारी. मी ताट घेऊन त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, चल ना, खिडकीपाशी बस माझ्याजवळ. तो म्हणाला, "तिथून तू एकटाच दिसतो. आन् तू काही एवढा देखणा नाहीस." सगळे हसले, सगळ्यांत जास्त मीच. ताट घेऊन मी माझ्या जागी परत गेलो.

सुगतसाठीचा पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, गेल्या रविवारी, मी आणि अनघा पुन्हा त्यांच्याकडे गेलो. पपई नेली होती. पाहुण्यांची ये-जा संपली होती, घर आवरलेलं होतं. अनघा गौतमीशी खिडकीपाशी सतरंजीवर बोलत बसली, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पपई चिरत होत्या. मी उगीच इकडेतिकडे करत होतो. फिरताना दाराशी खुर्ची मध्ये आली, आणि कधी नव्हे तो मी तिच्यात बसलो.

बसल्यावर काय वाटलं कुणास ठाऊक, मी मूठ वळून डोळ्याला लावली, त्यानं तळ्याकाठी लावली होती तशी. मुठीच्या त्या भोकात समोरची खिडकी आली. कट्ट्यावरची ओळ आली, पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत, मधल्या आकाशासकट. तिच्याखाली सोफा, जिथे मी बसायचो. सतरंजीवर अनघा आणि गौतमी. आणि अगदी उजव्या कडेला, स्वयंपाकघराच्या दारात, हातात सुरी घेतलेल्या वहिनी. मी उठून दोन पावलं पुढे गेलो, तशा वहिनी निसटल्या. आणखी दोन पावलं, गौतमी गेली. मी मागे येऊन परत खुर्चीत बसलो आणि सगळे परत आले. त्यानं एकही डबा जवळ सरकवला नव्हता. खुर्ची मागे नेली होती, सगळे मावेपर्यंत.

गौतमी माझ्याकडे बघत होती. "अंकल, व्हॉट यू डूइंग?" तेवढ्यात वहिनी हात पुसत आल्या आणि म्हणाल्या की ही खुर्ची आता खिडकीशी नेऊ या का, वाटेत येते, शिवाय दाराशी बरी नाही दिसत. मी उठलो आणि म्हणालो, वहिनी, आधी एकदा बसून बघा. मूठ कशी धरायची ते दाखवलं. त्या बसल्या. काही क्षण त्यांना कळेना आपण काय बघायचं आहे, मग त्यांचा हात स्थिर झाला. गौतमी सतरंजीवरून हलली नाही, तिला काय समजलं कोण जाणे, पण तिनं फक्त मान वर केली, फोटोला बसताना करतात तशी. "मम्मी, कॅन सी मी?"

"दिसतेस," वहिनी म्हणाल्या. मूठ डोळ्यावरून न काढता त्यांनी नाक ओढलं. मग त्यांच्या लक्षात आलं की ओळीत मधेच मोठी जागा रिकामी आहे. पाहुण्यांच्या चहासाठी साखर भरून शेवंताबाईंना त्या दिवसांत आत नेलं होतं, ते तसंच राहिलं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, तो उंच डबा साखरेसकट उचलून आणला आणि कट्ट्यावर ठेवला. नेमका कुठे ठेवायचा ते मला ठाऊक नव्हतं, इतकी वर्षं मी त्याला फक्त नमस्कारच केला होता.

"दादा, थोडा डावीकडे," दाराजवळून वहिनींचा आवाज आला. मी सरकवला. "आणखी थोडा... शेजारी जागा सोडा, तो सोडायचा." मी जागा सोडली आणि मागे वळून पाहिलं. चपलांच्या कपाटाशेजारी, त्या खुर्चीत, वहिनी एक डोळा मिटून आमच्याकडे बघत होत्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता आले सगळे."